गुडघ्याची शस्त्रक्रिया, भूल आणि आईची किडनी

प्रश्न : माझी आई ६७ वर्षांची असून तिला मधुमेह व रक्तदाब आहे. गुडघ्याचा सांधा बदलायचे ठरले आहे. परंतु किडनीच्या कामाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.८ आल्यामुळे भुलेने किडनी निकामी होईल, असे नातेवाईक सांगतात. शस्त्रक्रिया रद्द करावी का?

उत्तर : नातेवाइकांची भीती अगदीच निराधार नाही. मेथॉक्सिफ्लुरेन या जुन्या भुलेच्या औषधाने मूत्रपिंडांना खरोखरच इजा होत असे आणि म्हणूनच ते मागे पडले. आजच्या औषधांबाबत तशी चिंता राहिलेली नाही. मला काळजी वाटते ती रक्तदाब घसरण्याची. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, आणि भूल मणक्यातून दिलेली असो वा पूर्ण, ती चढताच रक्तवाहिन्या सैलावून दाब खाली येतो. निरोगी मूत्रपिंड हा चढउतार बराचसा सोसते, मधुमेहाने थकलेल्याला ते जमत नाही. त्यामुळे भूलतज्ज्ञ सरासरी दाब (वरच्या व खालच्या आकड्यांवरून काढलेला) ६५ च्या खाली जाऊ नये म्हणून सतत लक्ष ठेवतात.

तुम्ही लिहिलेले नाही, पण गुडघे इतके झिजेपर्यंत आईने डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या असण्याची शक्यता मोठी आहे. या गोळ्या मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी आकुंचित करतात. त्यांच्या जोडीला तेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारे औषध असले, तर धोका कितीतरी वाढतो. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह सगळी औषधे भूलतज्ज्ञांना आवर्जून दाखवा. तेल्मिसार्टन शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी अनेकदा थांबवतात. मात्र तो निर्णय त्यांचाच असावा. शस्त्रक्रियेनंतरही डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन टाळून पॅरासिटामॉल व पायाच्या नसेभोवती बधिरीकरण यांवर भर द्यावा, अशी विनंती करा.

रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देण्याची जुनी पद्धत अशा रुग्णांना जाचक ठरते. पोट रिकामे होण्यास उशीर लागत नसेल, तर साधे पाणी शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत चालते. तसे विचारून घ्या.

रद्द करण्याची घाई नको, पण क्रिएटिनिन पुन्हा तपासून मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. आकडा चढता असेल, तर ही शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. ती झाल्यावर ६० किलो वजनाच्या रुग्णाला सलग सहा तास ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, किंवा ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले, तर डॉक्टरांना लगेच सांगा.