पावसाळा संपला की सह्याद्रीतलं ट्रेकिंग बंद होतं का? नाशिकजवळ बारा महिने काय करता येईल?

नाही होत. उत्तर खरं तर एवढंच आहे, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की नोकरीसाठी नुकतेच नाशिकला आलात आणि ऑफिसातले सगळे सांगतात, 'ऑक्टोबरनंतर बॅग माळ्यावर टाक, उन्हाळ्यात सह्याद्रीत नुसते दगड असतात.' हे वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकतेय. म्हणणारे माझे धाकटे दीर. पुण्यात असतात, दर मे महिन्यात मनालीला जातात आणि परत आले की दिवाळीपर्यंत फोटो दाखवतात. त्यांच्या मते सह्याद्री म्हणजे जुलैतला धबधबा आणि कांदाभजी.

मी नाशिकचीच. जुलैबद्दल माझं मत स्पष्ट आहे: डोंगर बघायचा असेल तर तो सगळ्यात वाईट महिना. धुक्यात पाच फुटांवरचं दिसत नाही. कळसूबाईच्या शिड्यांना शनिवार-रविवारी रांग लागते, हरिहरच्या कातळपायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना अडकतात, आणि खाचेत बोटं घालून अर्धा तास लटकायचं ते कशासाठी, तर रीलसाठी. 2024 च्या 30 जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तरी पुढच्या रविवारी लोक ओढ्यात उभे राहतातच. आणि अशा माणसांनी आम्हाला सांगायचं की उन्हाळ्यात डोंगर धोकादायक!

तर साल्हेर किल्ल्याची गोष्ट. एका मे महिन्यात घरातल्या लग्नासाठी दीर नाशिकला आले होते. लग्न उरकलं, मनालीचं बुकिंग आठवड्यानंतरचं होतं, आणि जेवताना परत तेच सुरू झालं. 'वहिनी, उन्हाळ्यात इथे काय ठेवलंय?' म्हटलं, भाऊजी, उद्या चला, दाखवते. माझी ट्रेकमधली एक मैत्रीण आणि तिचा मुलगा येणारच होते. सटाणा, ताहराबाद करत संध्याकाळी पायथ्याच्या वाघांब्याला पोचलो. ओळखीच्या घरी ओट्यावर पथाऱ्या टाकल्या. भाऊजींच्या सॅकमध्ये काय असावं? अर्ध्या लिटरची एक बाटली, पॉवर बँक आणि डिओड्रंट. डिओड्रंट मी काढून घरमालकीणबाईंकडे ठेवायला दिलं. कड्यांवर आग्या मोहोळ असतं आणि उग्र वासाने त्या माश्या पिसाळतात. यावर ते म्हणाले, 'वहिनी, तुम्ही फार घाबरवता बुवा.'

पहाटे साडेचारला निघालो. उन्हाळ्यातल्या ट्रेकची सगळी गोम इथेच आहे, वेळेत. उजाडलं तेव्हा आम्ही साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत होतो. तिथून वर कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट. एका बाजूला खोदलेल्या गुहा, दुसऱ्या बाजूला दरी. कातळ अजून रात्रीचा गार होता. साल्हेर 1567 मीटर, म्हणजे राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि शिखरांत कळसूबाईच्या (1646) खालोखाल. एवढ्या उंचीवर सकाळचा वारा मे महिन्यातही अंगावर काटा आणतो. परशुरामाच्या देवळापाशी पोचलो तेव्हा भाऊजी चक्क म्हणाले, 'भारी आहे हं.' हे वाक्य ते आता नाकारतात. मैत्रीण साक्षीदार आहे.

त्यानंतर माझा बेत साधा होता. गंगासागर तलावाकडे उतरायचं, गुहेत सावलीला पडायचं, दशम्या आणि कांदा खायचा, झोप काढायची आणि चार वाजल्यानंतरच खाली निघायचं. बाहेर ऊन रणरणत असतं तेव्हा त्या गुहेत पंख्याशिवाय झोप लागते. पाणी टाक्यातलं, म्हणजे कातळात खोदलेल्या हौदातलं. सावलीतलं टाकं असेल तर पाणी इतकं गार की दात ठणकतात. आम्ही ते फडक्याने गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवतो. भाऊजींनी टाक्यात डोकावलं, कडेला शेवाळ दिसलं, एक बेडूक दिसला, आणि जाहीर केलं की हे पाणी मी पिणार नाही. बाटली तर सकाळी खिंडीतच संपवलेली. माझ्या बाटलीतलं दिलं, तर ते पण टाक्यातलंच भरलेलं असेल म्हणून नको! वर संध्याकाळी आयपीएलची मॅच होती आणि गुहेत मोबाईलला रेंज नव्हती. बारा वाजता उठले आणि म्हणाले, 'मी हळूहळू खाली होतो.'

मी सांगितलं, मैत्रिणीने सांगितलं. शेवटी बरोबर आलेला गावातला मुलगा बिचारा त्यांच्यासोबत उतरला. पायऱ्यांच्या कातळाला हात लावला की चटका बसत होता, असं तोच नंतर म्हणाला. खिंडीखालच्या सोंडेवर घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी आहे आणि सावलीला झाड नाही. तिथे भाऊजींच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. त्या मुलाने त्यांना दर पन्नास पावलांवर बसवत, स्वतःच्या कॅनमधलं पाणी पाजत खाली आणलं. तेही टाक्यातलंच होतं, पण तेव्हा त्यांनी विचारलं नाही.

इकडे चारच्या सुमाराला गुजरातच्या बाजूने ढग चढले, गडगडायला लागलं आणि वळीव आला. आम्ही गुहेत आत सरकून बसून राहिलो. तासाभरात सगळं शांत. मे महिन्यात हवा धुरकट असते, लांबचं काही दिसत नाही हे खरं, पण वळवाने ती धुऊन काढली होती. मांगी-तुंगीचे दोन्ही सुळके, मुल्हेर, मोरा, हरगड नकाशावर बोट ठेवून दाखवावेत तसे समोर. ओल्या मातीचा वास, गार वारा, आणि त्या वाऱ्यात आरामात उतरलो. ओट्यावर भाऊजी पाय पसरून ताक पीत बसले होते.

त्यानंतर घरातल्या प्रत्येक मंगळागौरीला, बारशाला, श्राद्धाला एकच गोष्ट. 'वहिनींनी मला मे महिन्यात साल्हेरला नेलं, वर प्यायला थेंब नव्हता, मरता मरता वाचलो.' माझ्या सासूबाईंनाही तेच खरं वाटतं. म्हणून इथे एकदा लिहून ठेवते: पाणी होतं. गार होतं. आम्ही तिघं ते प्यायलो आणि कोणाचंही पोट बिघडलं नाही. आणि जो साल्हेर 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, जिथे 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, त्याच्या पायथ्यापासून परत येऊन मनालीला जायचं, याला आमच्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात.

असो. तुमचा प्रश्न बारा महिन्यांचा होता.

जुलै-ऑगस्टमध्ये रुंद वाटेचे किल्ले धरा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जा. ओढा फुगला तर तो उतरेपर्यंत अलीकडेच बसून राहा, भले रात्र झाली तरी. सप्टेंबरात अंजनेरीचं पठार. सोनकी आणि तेरडा तर असतोच, शिवाय या डोंगराचंच नाव लागलेलं कंदीलपुष्प तिथे फुलतं. ते बघायचं असेल तर जाणकाराबरोबर जा आणि पायाखाली बघून चाला, रोप दिसायलाही साधं असतं. ऑक्टोबरात ऊन कडक आणि गवत डोक्याएवढं, त्यामुळे अनोळखी घाटवाटा टाळा.

थंडीत खरं काम. अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले याच दिवसांत करायचे, आंबेवाडीतून. अलंग-मदनला कातळटप्पे आहेत, दोर आणि दोर हाताळणारा माणूस हवाच, तिथे शहाणपणा नको. साम्रदची सांधण दरीही थंडीतच, पाणी ओसरल्यावर. दोन्ही बाजूंना दोनशे-एक फुटांच्या भिंती आणि मध्ये काही ठिकाणी दोन माणसं शेजारी चालणार नाहीत एवढीच जागा. पावसात डोंगराचं सगळं पाणी तिथूनच वाहतं, तेव्हा जुलैत कोणी 'घेऊन जातो' म्हणाला तर त्याच्याबरोबर पुन्हा कुठेच जाऊ नका. फेब्रुवारी-मार्चला बागलाणात, म्हणजे सटाणा-साल्हेरच्या भागात, पळस पेटलेला असतो. मार्चपासून गवत वाळतं, एका विडीने वणवा लागतो, म्हणून वर चूल नको. मे महिन्यात करवंदं, जांभळं आणि पहाटेचे किल्ले. मेअखेरीपासून पहिल्या जोरदार पावसापर्यंत भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे. गाडीचे दिवे बंद ठेवा, टॉर्च मारू नका. ते बिचारे जोडीदारासाठी लुकलुकत असतात, तुमच्या फोटोसाठी नाही.

कुठला महिना सगळ्यात चांगला हे पण विचारलंय. मला विचाराल तर मे, पण ते मी भांडणाच्या भरात म्हणतेय हे धरून चाला. पहिलंच वर्ष असेल तर डिसेंबर.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. साल्हेरच्या टाक्यात दर मे महिन्यात पाणी असेलच असं नाही, ते वर्षावर अवलंबून आहे. वाघांब्यात विचारा आणि माणशी चार लिटर खालूनच घेऊन चढा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की माथा सोडायचा, फोटो राहू द्या. वनखात्याची बंदी कुठे आहे ते निघण्याआधी बघा, ती बदलत असते. आणि गावातला वाटाड्या घ्याल तर त्याच्याशी घासाघीस करू नका. आमच्या भाऊजींनी त्या मुलाला खाली आल्यावर शंभराची नोट काढून दिली होती. उरलेले मी दिले.