तुरुंगात हरिपाठ म्हणायला जाऊ का?

'ताई, बँकेतून निवृत्त झालो. भजनी मंडळात पेटी वाजवतो. नाशिकरोड कारागृहात दर आठवड्याला हरिपाठ आणि थोडं निरूपण करून बंद्यांना सन्मार्गाला लावावं, असं मनात आहे. सौ. म्हणते, ज्यांनी लोकांचे संसार उजाड केले त्यांच्यापुढे टाळ कुटायला कशाला जाता? उद्या पत्ता काढत दारात आले तर? काय करू?'

काका, नमस्कार.

जा. फक्त ते 'सन्मार्गाला लावणं' गेटबाहेर ठेवून जा. आपल्याकडच्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन कच्चे कैदी असतात, त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. 'कशात आलास?' हे कुणालाच विचारू नका.

1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. पण विनोबा स्वतः कैदी होते. तुम्ही तासाभराने मोबाईल परत घेऊन घरी गरम पोळी खायला जाणार, हे समोरच्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून निरूपण आवरतं, अभंग जास्त. त्यांच्यात कुणाला पेटी येत असेल तर त्याच्यापुढे सरकवा, तुम्ही टाळ घ्या.

खरी कसोटी ओळख झाल्यावर लागते. 'काका, पोरगी आजारी आहे, घरी एक फोन लावा ना.' बऱ्याचदा ते खरंही असतं. तरी नाही म्हणायचं, आणि त्याच्यादेखतच अधिकाऱ्यांच्या कानावर घालायचं. चोरून चिठ्ठी, तंबाखूची पुडी आत-बाहेर नेणं गुन्हा आहे, आणि तुमच्यापायी सगळ्यांचंच भजन बंद पडेल. केसबद्दल विचारलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला सांगा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे.

काकूंची भीती उडवून लावू नका. आत घरचा पत्ता, मुलांची माहिती सांगायची नाही, असा शब्द त्यांना द्या. उजाड झालेल्या संसारांचं त्या म्हणतात, त्याला तुमच्याकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही. तिथे तुकोबांचा दाखला देऊन त्यांचं तोंड बंद करू नका. आणि निवृत्तीनंतरचा वेळ कसा घालवायचा हे त्यांना आधी विचारलं होतंत का? पत्रात तरी दिसलं नाही.

अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे, मंडळाच्या लेटरहेडवर करा. 'दर आठवड्याला' लिहू नका, महिन्यातून एकदा लिहा. खाडे झाले तर ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, त्यांना ते फार लागतं.