घरात वयस्कर माणूस असेल तर साध्या सर्दी-तापातही अजून कोविड टेस्ट करावी का? बूस्टरचा आणि डॉक्टरांकडे जाण्याचा तुमचा अनुभव काय?

करावी. पण कुणासाठी करताय ते आधी ठरवा, मग किट आणायला मेडिकलमध्ये जा.

तुम्ही लिहिलंय की आईंनी सत्तरी ओलांडली आहे, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत, दोन डोस झाले पण बूस्टर राहून गेला, आणि परवापासून ताप-खोकला तुम्हालाच आलाय. म्हणजे आजारी तुम्ही, काळजी त्यांची. आमच्या घरी नेहमी असंच असतं. मी सोलापुरात विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिते. घरात सासूबाई आहेत, त्यांना आम्ही आत्या म्हणतो. उभा जन्म विड्या वळण्यात गेला, शुगर जुनी, आणि तंबाखूच्या धुळीनं छाती आधीच कुरकुरणारी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे सगळं घरातल्या अनुभवाचं बोलणं समजा.

आधी बूस्टरचं सांगते. तिसरा डोस 10 जानेवारी 2022 पासून सुरू झाला, तो दवाखान्यातले कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि साठीच्या पुढचे आजारी लोक यांच्यासाठी. मार्चमध्ये साठीच्या पुढच्या सगळ्यांना खुला झाला. दुसऱ्या डोसनंतर 9 महिने व्हायला हवेत अशी अट होती आणि आत्यांचे ते भरले ऐन एप्रिलात. सोलापूरच्या एप्रिलात सकाळी दहानंतर म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभं करायचं म्हणजे लसीआधी उन्हानंच आडवं व्हायची वेळ. म्हणून उजाडल्या उजाडल्या निघायचं ठरलं, तर कोविनवर, म्हणजे लसीच्या नोंदणीच्या सरकारी साइटवर, नावच लागेना. पहिला डोस पुतण्याच्या मोबाइल नंबरवर नोंदवलेला, दुसरा माझ्या. कोविनच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका झाल्या होत्या आणि दोघींचाही फक्त पहिलाच डोस झालेला! तक्रारीच्या भागात दोन्ही सर्टिफिकेटं एकत्र जोडायची सोय होती, ती केल्यावर गाडी पुढं सरकली. आमच्या गल्लीत हे बऱ्याच जणांचं झालं, कारण घरात एकच स्मार्टफोन आणि तोही ज्याच्या हाताला लागेल त्याचा.

केंद्रावर गर्दी अशी नव्हतीच. उलटा त्रास. कोविशील्डच्या एका बाटलीत 10 डोस, आणि बाटली फोडली की 4 तासांत संपवायची. त्यामुळे पुरेशी माणसं जमल्याशिवाय सिस्टर बाटली फोडेनात. आत्या थोडा वेळ बाकड्यावर बसल्या, मग दारात जाऊन रस्त्यानं कारखान्याच्या ब्रँचला वळलेल्या विड्या द्यायला निघालेल्या ओळखीच्या बायकांना हाका मारायला लागल्या. "ये की गं, दोन मिनिटांचं काम हाय." दोघीतिघी सूप काखेत धरूनच आत आल्या. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, आजी, तुम्हाला इथंच नोकरीला ठेवते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बाहेरच्यांना वाटायचं की विडी कामगार बायका सुईला भितात. त्यांना विचारलं की हिशेब कळायचा. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. डोस घेतला की दुसऱ्या दिवशी कणकण, दंड दुखतो, हात उचलत नाही. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, यात एक हात दुखला तरी काम अडतं, आणि वाकड्या वळलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात. लस फुकट असली तरी दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडायची. आत्यांनी त्यावर आपला उपाय काढला होता: सुट्टीच्या आदल्या दिवशी डोस घ्यायचा. मला विचाराल तर जनजागृतीच्या भाषणांपेक्षा या एका युक्तीनं आमच्या गल्लीत जास्त लसी टोचल्या.

माझा डोस उशिरा झाला. साठीच्या आतल्यांना 10 एप्रिलपासून फक्त खाजगीत मिळत होता, लसीचे 225 रुपये आणि वर टोचणावळ जास्तीत जास्त 150. पुढं जुलैमध्ये अंतर 9 वरून 6 महिन्यांवर आलं आणि 15 जुलैपासून 75 दिवस सरकारी केंद्रात तो मोफत झाला, तेव्हा महापालिकेच्या केंद्रात जाऊन घेतला. दंड दुखला, एक दिवस अंग मोडून आलं, पॅरासिटामॉल घेतली, झालं. बूस्टर घेऊनही नंतर मला कोविड झालाच. त्यावरून "मग काय उपयोग" असं म्हणणारे घरातच होते. लसीनं लागण शंभर टक्के थांबत नाही. आजार छातीत उतरून दवाखान्यात भरती व्हायची पाळी कमी येते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत आपल्याला तेवढंच हवं असतं.

आता टेस्ट. 2022 च्या जानेवारीत, आमच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमाराला, ओमिक्रॉननं घरोघरी माणसं खोकत होती. तेव्हा मी आरटीपीसीआरला स्वॅब दिला. रिपोर्ट येईपर्यंत माझा ताप उतरलासुद्धा होता! लॅबचं नाव घेत नाही, त्या दिवसांत सगळीकडेच ढीग साचले होते. पण तेव्हाच डोक्यात बसलं की ज्या रिपोर्टवरून घरात काही बदलायचं आहे, तो त्याच दिवशी हातात हवा. त्यानंतर घरी किट आणायला लागलो. पुण्याच्या मायलॅबच्या कोविसेल्फला 2021 च्या मेमध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची मंजुरी मिळाली, तेव्हा किंमत 250 रुपये होती.

किट सोपं आहे, पण घाई चालत नाही. काडी दोन्ही नाकपुड्यांत घालून नीट पाच वेळा फिरवायची. नुसती नाकाच्या तोंडाशी टेकवून काढलीत तर टेस्ट वाया. नळीतल्या द्रवात घोळवून दोन थेंब पट्टीवर टाकायचे आणि 15 मिनिटं थांबायचं. 20 मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. सी जवळची रेघ यायलाच हवी, नाहीतर किट खराब. टी जवळची रेघ अगदी फिकट असली तरी पॉझिटिव्हच. माझी इतकी फिकट होती की नवरा पट्टी ट्यूबलाइटखाली धरून "नाही गं, सावली असेल" म्हणत होता. सावली नव्हती. आणि लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर हुरळून जाऊ नका. पहिल्या दिवशी बऱ्याचदा निगेटिव्ह येते. एक दिवसानं परत करा किंवा आरटीपीसीआर करा.

पॉझिटिव्ह आल्यावर आम्ही काय बदललं? घरकुलात वेगळी खोली कुठून आणणार! आत्यांची गादी दाराजवळ, वारा येतो तिथं हलवली, मी आत स्वयंपाकघराच्या बाजूला. मास्क मी घातला, त्यांना नाही, कारण त्यांना त्यात धाप लागते. त्यांचं ताट आणि गोळ्या नवऱ्याकडे. टेस्ट केली नसती तर मी नेहमीसारखी त्यांच्या शेजारी बसून भाजी निवडत खोकत राहिले असते. घरात सगळे तरणे, धडधाकट असते तर मी किटवर पैसे घातले नसते, दोन दिवस पडून राहिले असते. माझं साधं मत हे आहे.

चौथ्या दिवशी आत्यांना कणकण आली. इथं मात्र टेस्टपेक्षा डॉक्टर महत्त्वाचे. आमचे डॉक्टर जुने, आत्यांच्या शुगरची सगळी कुंडली त्यांना पाठ. आधी फोन केला, त्यांनी शेवटच्या नंबरला बोलावलं आणि बाहेरच्या बाकड्यावर बसवलं, म्हणजे इतर पेशंटमध्ये मिसळायला नको. मी चिठ्ठी लिहून नेली होती: ताप कधी आला, ऑक्सिजन किती, शुगर किती, कोणत्या गोळ्या चालू. डॉक्टरांनी रिपोर्टकडे ओझरतं पाहिलं, चिठ्ठी मात्र दोनदा वाचली. आत्यांचा हट्ट सुरू होता, "एक सुई मारा, सलाईन लावा, मोकळी करा." त्यांनी दिलं ते फक्त पॅरासिटामॉल आणि खोकल्याचं औषध. शेजारच्यांना मागं कुणीतरी सुरुवातीलाच स्टेरॉइड दिलेलं, ते विचारल्यावर म्हणाले, ऑक्सिजन चांगला असताना ते घेतलं तर फायदा नाही, आणि यांची शुगर आभाळाला जाईल.

तुमच्या आईंच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. ऑक्सिमीटरवर 94 च्या खाली आकडा गेला, धाप लागली, छाती दुखली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला, तर फोनाफोनी न करता थेट दवाखाना; आमच्याकडे अशा वेळी सिव्हिल, म्हणजे मोठं सरकारी हॉस्पिटल. बसून आकडा बरा वाटत असेल तर सहा मिनिटं घरातच चालायला लावून परत मोजा. चालल्यावर तीनपेक्षा जास्तनं घसरला तर डॉक्टरांना कळवा. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा, नाहीतर मशीन काहीही दाखवतं. आणि जेवण कमी झालं असताना शुगरच्या गोळ्या त्याच मापानं द्यायच्या का, हे डॉक्टरांना आठवणीनं विचारा. आत्यांची शुगर तापात चढण्याऐवजी एका पहाटे उतरली होती, घाम फुटला होता. साखरपाणी दिलं तेव्हा सावरल्या.

राहिलेल्या बूस्टरचं विचारलंत, तर आधी तुमचा ताप जाऊ द्या, आईंना काही होत नाही ना ते बघा, आणि मग त्यांच्या डॉक्टरांना जुनं सर्टिफिकेट दाखवून विचारा. केंद्रावर फोन करून खात्री केल्याशिवाय त्यांना घेऊन निघू नका. किट घेताना एक्स्पायरीची तारीख तेवढी बघा. हल्ली ते फारसं कुणी मागत नाही, त्यामुळे मेडिकलवाल्याच्या फळीवर जुना माल पडून असू शकतो.