'पुढाकार घेत नाही'

ऑकलंडमध्ये समुपदेशन करताना एक काळजी दोन्ही बाजूंनी ऐकू येते. बालशिक्षणाची पदवी करणाऱ्या सामोअन, टोंगन मुली (सामोआ, टोंगा या पॅसिफिक बेटांवरच्या कुटुंबांतल्या) विचारतात, "मी चारचौघांत बोलत नाही, मग शिक्षिका कशी होणार?" त्यांचे प्राध्यापकही जवळपास हेच विचारतात.

ही मुलगी सामोअन, ऑकलंडच्याच मांगेरे उपनगरात वाढलेली, दुसऱ्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) हातात प्रॅक्टिकमचा शेरा होता: मुलांशी छान वागते, पण पुढाकार घेत नाही, मीटिंगमध्ये मत मांडत नाही. प्रॅक्टिकम म्हणजे बालकेंद्रात काही आठवडे बिनपगारी काम, आणि त्यात नापास झालं की पदवी अडते. शिवाय तिची संध्याकाळी ऑफिसं साफ करायची नोकरी होतीच.

मी पुस्तकी सल्ला दिला. प्रत्येक मीटिंगमध्ये निदान एक वाक्य बोलायचंच, असं ठरवून दिलं. ती हो हो म्हणाली आणि पुढच्या दोन भेटींना फिरकलीच नाही. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून दिलेला तो होकार होता. 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' ऐकत साताऱ्यात वाढलेल्या मला हे कळायला हवं होतं.

मग ती आली ती मावशीला घेऊन. दाराजवळच्या खुर्चीत माझी सहकारी बसली होती. तिच्यासमोरून जाताना मुलगी कमरेत वाकली, हळूच 'तुलोऊ', म्हणजे 'माफ करा', म्हणाली, मग पुढे गेली. बसलेल्या माणसासमोरून ताठ चालत जाणं सामोअन घरात उद्धटपणाचं. आणि शेरा लिहिणाऱ्या बाई तिच्या आईच्या वयाच्या!

मावशीने फोनवर फोटो दाखवले. ऑक्टोबरचा दुसरा रविवार, लोतु तामाइती, चर्चमधला पोरांचा दिवस. पोरं पांढऱ्या कपड्यांत पाठ केलेली वचनं म्हणतात, आणि त्या दिवशी जेवायला आधी पोरांना वाढतात.

"चार वर्षं लहानग्यांची तयारी हीच करून घेते," मावशी म्हणाली. "एखादं पोर माइकसमोर रडकुंडीला आलं की ही खाली मांडी घालून बसते आणि नुसते ओठ हलवते. पोर पुढचं म्हणतं."

"हे कॉलेजात सांगितलंस?"

"ते चर्चचं आहे ना."

न्यूझीलंडच्या बालशिक्षणाचा अभ्यासक्रम 'ते फारिकी', म्हणजे विणलेली चटई. त्याच्या चार तत्त्वांपैकी एक आहे कुटुंब आणि समाज. त्याच तत्त्वाखाली आम्ही तिचं चर्चमधलं काम पोर्टफोलिओत मांडलं. पॅसिफिक मुलांना त्यांच्या संस्कृतीसकट समजून घ्या, असं सांगणारी 'तापासा' ही चौकट शिक्षकांसाठी २०१८पासून आहे. शिकाऊ शिक्षिकाही कुणाची तरी पॅसिफिक विद्यार्थिनीच असते, हे मात्र विसरलं जातं.

तिच्या परवानगीने मी प्राध्यापकांशी बोललो. पुढच्या प्रॅक्टिकमला दोनच गोष्टी ठरल्या. मीटिंगचे विषय तिला आदल्या दिवशी द्यायचे, आणि मार्गदर्शक बाईंनी दिवसाअखेर तिच्याशी दहा मिनिटं जमिनीवर बसून बोलायचं, खुर्चीतून नाही. दुसरी गोष्ट मावशीने सुचवलेली. मला तर ती जराशी नाटकी वाटली होती, पण मुलांबद्दलची तिची पहिली निरीक्षणं तिथेच बाहेर पडली.

मीटिंगमध्ये ती अजूनही सगळ्यांच्या शेवटी बोलते. तिचं झाल्याशिवाय उठायचं नाही, एवढं त्या केंद्राने ठरवून टाकलंय.