सोलापुरात राहून गावाकडचे पुराचे-विजेचे अलर्ट कसे मिळवायचे?

तुम्ही जुळे सोलापुरात, आई-वडील मोहोळ तालुक्यात सीनाकाठी, आणि अलर्टसाठी नोंदणी कुठं करायची असं विचारलंय. माझं घरही असंच दोन ठिकाणी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'सचेत' टाका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ॲप आहे, मराठीतही चालतं. फोन असेल तिथले अलर्ट येतातच, शिवाय हवे ते जिल्हे निवडता येतात. इथंच लोक फसतात. सोलापूर निवडायचं आणि गप बसायचं. अहो, सीनेला येणारं पाणी आपल्याकडच्या पावसाचं असतं होय? नदी येते अहिल्यानगरकडून. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या बाजूला. सप्टेंबर २०२५ मध्ये लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला तो वरच्या पाण्यानं. म्हणून सोलापूरच्या जोडीला धाराशिव आणि अहिल्यानगर टाकाच. भीमाकाठी कुणी असेल तर पुणेही. पंढरपूरला उजनीबरोबर नीरेवरच्या वीर धरणाचं पाणीही नरसिंगपूरच्या संगमावरून येतं. नुसता उजनीच्या क्युसेकचा आकडा बघून चालत नाही.

विजेसाठी 'दामिनी' ॲप, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं. माझी चूक सांगतो. मी ते स्वतःच्या फोनवर टाकून निर्धास्त होतो. एका संध्याकाळी वडील रानात, डोक्यावर विजा कडाडतायत, आणि इथं माझा फोन शांत. बरोबरच की! ते फोनच्या आसपासची वीज सांगतं, मालकाच्या बापाच्या नव्हे. मग त्यांच्या फोनवर टाकलं, तर "बॅटरी खातंय" म्हणून त्यांनी लोकेशनच बंद केलेलं. दोन महिन्यांनी कळलं. तेव्हा लोकेशन कायम चालू, आणि बॅटरी सेव्हरमधून दामिनीला सूट, एवढं स्वतःच्या हातानं करून या.

आईकडं कीपॅडचा फोन असेल तर ॲपचा काही उपयोग नाही. तिथं ग्राम सुरक्षा यंत्रणा कामाला येते. गावातल्या एकानं १८००२७०३६०० वर निरोप सांगितला की त्याच्याच आवाजात नोंदलेल्या सगळ्या नंबरांवर कॉल जातो. वाचायची भानगड नाही, आणि आवाज ओळखीचा असला की म्हातारी माणसं ऐकतात. तुमच्या गावात चालू आहे का, नंबर कसा घालायचा, ते पोलीस पाटलांना विचारा.

२०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाइल एकदम भोंग्यासारखे वाजले होते, आठवतंय? ते सेल ब्रॉडकास्ट. त्याला नोंदणी लागत नाही, टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर थेट येतं. दचकून कुणी सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट बंद केले असतील तर परत चालू करा.

लाइट जाण्याचे महावितरणचे मेसेज हवे असतील तर इंग्रजीत एमआरईजी, मग जागा सोडून बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, असा एसएमएस ९९३०३९९३०३ वर. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, आणि तातडीला ११२. हे दोन्ही नंबर वडिलांच्या फोनात 'अ' लावून सेव्ह करा, यादीत वर येतात.

फोनात जागा नाही असं दाखवलं तर आधी गुड मॉर्निंगचे व्हिडिओ काढा. आमच्याकडं चारशेवर निघाले.