वर्डप्रेसचे प्लगिन : बसवल्यानंतरचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वर्डप्रेस संकेतस्थळावर सध्या वापरात नसलेली काही प्लगिन्स निष्क्रिय करून ठेवली आहेत. तेवढे पुरेसे आहे, की ती काढून टाकावीत?

उत्तर : काढून टाकावीत. प्लगिन म्हणजे वर्डप्रेसला, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, एखादी जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्राम. प्लगिन निष्क्रिय केल्यावर वर्डप्रेस डेटाबेसमधील चालू प्लगिन्सच्या यादीतून त्याचे नाव वगळते आणि पान तयार करताना त्याचा कोड वाचत नाही. घडते ते एवढेच. फायली सर्व्हरवर होत्या तिथेच राहतात आणि त्यांपैकी एखादी पीएचपी फाईल (पीएचपी ही वर्डप्रेसची प्रोग्रामिंग भाषा) थेट पत्त्याने चालवता येण्याजोगी असेल, तर प्लगिन निष्क्रिय असूनही तिच्यातील दोषाचा गैरफायदा घेता येतो. शिवाय निष्क्रिय प्लगिनचे अपडेट करायला सहसा कोणी जात नाही, त्यामुळे जुने दोष तसेच पडून राहतात.

मात्र काढून टाकण्यापूर्वी त्या प्लगिनने काय साठवले आहे हे पाहावे. ‘डिलीट’ केल्यावर फायली नक्की जातात, पण डेटाबेसमधील टेबले आणि सेटिंग्ज पुसायची की ठेवायची हे प्लगिनच्या निर्मात्याने ठरवलेले असते. काही प्लगिन्स जाताना सगळे पुसून जातात, काहींच्या सेटिंग्जमध्ये तसा पर्याय दिलेला असतो, तर काही आपला सारा पसारा मागे ठेवतात. सभासद नोंदणीचे अर्ज एखाद्या फॉर्मच्या प्लगिनमध्ये साठलेले असतील, तर ते आधी एक्सेलमध्ये उघडेल अशा फाईलमध्ये उतरवून घ्यावेत आणि संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप घेऊनच पुढे जावे. ज्या पानांवर त्या प्लगिनचे शॉर्टकोड (प्लगिनचा मजकूर पानात आणण्यासाठी चौकोनी कंसांत लिहायचे संकेत) वापरले असतील तिथे प्लगिन निष्क्रिय होताच ते कंसांसह जसेच्या तसे वाचकांना दिसू लागतात. निष्क्रिय केले तेव्हाच ही पाने शोधून दुरुस्त करायला हवी होती, पण ती राहून गेली असल्यास निदान आता पाहावीत.

प्रश्न : एक प्लगिन अपडेट केले आणि संकेतस्थळावर ‘गंभीर त्रुटी’ असा संदेश दिसू लागला. डॅशबोर्डही (संकेतस्थळाच्या व्यवस्थापनाचे पान) उघडत नाही. आता आत कसे शिरायचे?

उत्तर : मे 2019 मध्ये आलेल्या 5.2 आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ‘रिकव्हरी मोड’ आहे. घातक त्रुटी आढळली की प्रशासकाच्या ईमेलवर एक खास दुवा पाठवला जातो. त्यावरून लॉग-इन केल्यास दोषी प्लगिन फक्त आपल्यापुरते थांबवले जाते आणि डॅशबोर्ड उघडतो. इतरांना संकेतस्थळ अजून बंदच दिसत असते, म्हणून आत गेल्यावर ते प्लगिन रीतसर निष्क्रिय करायला विसरू नये. ही सोय ईमेलवर अवलंबून आहे, आणि संस्थांच्या बाबतीत नेमकी तिथेच गाडी अडते, कारण सेटिंग्जमध्ये कित्येकदा संस्था सोडून गेलेल्या एखाद्या स्वयंसेवकाचा पत्ता असतो. तो आजच तपासावा.

ईमेल आलाच नाही, तर होस्टिंगच्या (संकेतस्थळासाठी सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीच्या) कंट्रोल पॅनेलमधील फाईल मॅनेजर उघडावा, ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरमधील ‘प्लगिन्स’ फोल्डरमध्ये जावे आणि संशयित प्लगिनच्या फोल्डरचे नाव बदलावे. फाईल सापडली नाही की वर्डप्रेस ते प्लगिन वगळून पुढे जाते, आणि डॅशबोर्डमधील प्लगिन्सचे पान उघडताच त्याची निष्क्रिय म्हणून नोंदही करते. दोषी कोण हे ठाऊक नसेल, तर अख्ख्या ‘प्लगिन्स’ फोल्डरचेच नाव बदलावे, डॅशबोर्डमधील ते पान एकदा उघडावे, मग नाव पूर्ववत करून प्लगिन्स एकेक करून चालू करावीत. ज्याच्यानंतर त्रुटी परत येते ते दोषी. मात्र तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण अनेकदा भांडण दोन प्लगिन्समधले असते आणि एकट्याने दोन्ही नीट चालतात. वर्डप्रेसच्या अधिकृत दालनातील (वर्डप्रेसच्या संकेतस्थळावरील प्लगिन्सच्या संग्रहातील) प्लगिन असेल, तर त्याच्या पानावरील ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू’मधून आधीची आवृत्ती उतरवून घेता येते.

प्रश्न : असे होऊ शकत असेल, तर स्वयंचलित अपडेट बंदच ठेवलेले बरे नाही का?

उत्तर : ज्या संस्थेत दर आठवड्याला कोणी डॅशबोर्डमध्ये डोकावत नाही, तिथे ते चालू ठेवणेच शहाणपणाचे आहे. ही सोय 2020 च्या 5.5 आवृत्तीत आली, आणि 2024 च्या 6.6 पासून स्वयंचलित अपडेटनंतर घातक पीएचपी त्रुटी आढळल्यास जुनी आवृत्ती आपोआप परत बसवली जाते. या संरक्षणाची मर्यादाही लक्षात घ्यावी : संकेतस्थळ कोसळले तरच ते जागे होते. देणगीचा फॉर्म गुपचूप अर्ज स्वीकारेनासा झाला, तर ते त्याला कळत नाही. पैशांचे व्यवहार पाहणारी प्लगिन्स म्हणूनच मी स्वयंचलित अपडेटमधून वगळतो आणि ती हाताने, बॅकअप घेऊन अपडेट करावीत असे सुचवतो. विकत घेतलेल्या प्लगिन्सचा परवाना संपला की बहुधा त्यांचे अपडेटही थांबते, हे वेगळेच.

प्रश्न : जास्तीत जास्त किती प्लगिन्स असावीत?

उत्तर : असा आकडा नाही. एकच अवजड प्लगिन संकेतस्थळ मंदावू शकते आणि तीस हलकी प्लगिन्स सुखाने चालू शकतात.

प्रश्न : आमचे एक प्लगिन अधिकृत दालनात आता सापडत नाही, पण संकेतस्थळावर ते चालू आहे. काळजी करावी का?

उत्तर : हो. दालनातून प्लगिन बंद केले गेले, तरी वर्डप्रेस तुम्हाला आपणहून तसे कळवत नाही. फक्त नवी अपडेट येणे थांबते आणि डॅशबोर्डवर सारे आलबेल दिसते. त्याच्या पानाचा जुना पत्ता उघडल्यास ते बंद केल्याची सूचना आणि कधीकधी कारणही मिळते. निर्मात्याच्या विनंतीवरून बंद झालेले प्लगिन आणि सुरक्षेच्या कारणाने बंद केलेले प्लगिन यांत फरक आहे, पण ते बंद असेपर्यंत दोन्हींची दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पर्याय शोधावाच.

मालकी बदलण्याकडेही लक्ष असू द्यावे. 2017 मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ हे सुमारे दोन लाख संकेतस्थळांवरील प्लगिन मूळ निर्मात्याकडून विकले गेले आणि नव्या मालकाने अपडेटमधूनच छुपा कोड घुसवला. दालनाने ते पुन्हापुन्हा बंद केले आणि अखेर कायमचे हटवले. 2024 च्या जूनमध्ये काही प्लगिन्सच्या निर्मात्यांची खाती इतरत्र फुटलेल्या पासवर्डांमुळे ताब्यात घेतली गेली, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून प्लगिनच्या निर्मात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा देऊन लॉग-इन करणे) सक्तीची झाली. तेव्हा एखाद्या प्लगिनचा निर्माता बदललेला दिसला, तर नव्या आवृत्तीच्या बदलांची नोंद आणि त्या प्लगिनच्या मदत-पानावरील तक्रारी वाचूनच अपडेट करावे.

प्रश्न : यादीत ‘मस्ट-यूज’ अशा विभागातले एक प्लगिन आहे, त्यापुढे निष्क्रिय करण्याचा पर्यायच नाही.

उत्तर : ते ‘एमयू-प्लगिन्स’ या वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. तिथली फाईल आपोआप चालू होते आणि ती बंद करायची तर फोल्डरमधून काढावी लागते. बहुधा होस्टिंग कंपनीने ती ठेवलेली असते, म्हणून आधी त्यांना विचारावे. त्यांनी ‘आमची नाही’ असे सांगितले, तर ती घुसखोरी समजून तपास करावा, कारण घुसखोर लपण्यासाठी हा फोल्डर हटकून निवडतात.