हात थांबवायला सांगण्याआधी

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखानदारांचं पत्र आलं आहे. मुलगा रत्नागिरीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंटर्नशिप करून आल्यापासून त्याने 'जस्ट-इन-टाइम'चा, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढंच बनवायचं आणि साठा पडू द्यायचा नाही या पद्धतीचा, ध्यास घेतलाय. सुट्टीत घरी आल्यावर वडिलांच्या युनिटमध्येच त्याने प्रयोग केला. कटिंगला बसणाऱ्या बायकांना सांगितलं, पुढच्या टेबलावरचे ट्रे रिकामे होईपर्यंत मशीन चालवायचं नाही. त्यावर एकीने त्याला विचारलं, "किलोवर पैशे देतास, मगे हात थांबवूक कित्याक सांगतास?" दुसऱ्या दिवशी दोघी कामावर आल्या नाहीत. मुलाचं म्हणणं, आपल्याकडची माणसं बदलायला तयार नसतात, म्हणून आपल्याकडे हे चालायचं नाही.

वडिलांचे प्रश्न असे: या विषयात करिअर आहे का? मुलाला चाकणला उत्पादन विभागात एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळते आहे आणि मुंबईत एका सल्लागार कंपनीत संगणकावर बसून पुरवठा साखळीचं काम, पगार जास्त. यातलं काय घ्यावं? साठ हजारांचा ऑनलाइन 'लीन' (म्हणजे काहीही वाया न घालवता उत्पादन करण्याच्या पद्धतीचा) सर्टिफिकेट कोर्स करू द्यावा का? आणि गोदामातली वर्षभराची बी म्हणजे अडकवून ठेवलेला पैसा, असं तो म्हणतो, ते खरं का?

सप्रेम नमस्कार,

करिअर आहे, आणि चांगलं आहे. तुमच्या मुलाला त्याची मनापासून ओढ आहे हेही पत्रातून दिसतं. सुट्टीत घरी येऊन कारखान्यात हात घालणारी मुलं फार नसतात. पण नोकरी आणि कोर्सचं नंतर बोलू. आधी त्या बाईंचा प्रश्न घेतो. मुलगा पुढे या विषयात किती पुढे जाईल, हे त्या प्रश्नाचं उत्तर तो कसं शोधतो यावर ठरेल.

त्या बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मजुरी किलोवर असेल तर जास्तीत जास्त बी फोडणं हेच शहाणपणाचं. त्यांना थांबवणं म्हणजे त्यांच्या खिशातून पैसे काढून घेणं. जस्ट-इन-टाइमचा नियम सांगतो, पुढच्याला लागेल तेवढंच बनवा. तुमची मजुरीची पद्धत सांगते, जमेल तेवढं बनवा. एकाच बाईला दोन मालकांनी दोन उलटे हुकूम दिल्यासारखं झालं. त्यांनी पैशाचा हुकूम ऐकला. तुम्ही किंवा मी त्या जागी असतो तर तेच केलं असतं.

आता तुमच्या युनिटमधला माल कसा सरकतो ते पाहू. बी वाफेवर उकडली की ती थंड व्हायला आणि सुकायला रात्रभर पसरून ठेवता. सकाळी कटिंग, मग गर ड्रायरमध्ये, मग सोलणं, मग ग्रेडिंग, मग पॅकिंग. म्हणजे आज कटिंगच्या बायकांसमोर किती बी येणार, हे काल संध्याकाळीच बॉयलरपाशी ठरून गेलेलं असतं. बॉयलरवाला सहसा बॉयलरच्या मापाने उकडतो, सोलणाऱ्या टेबलाच्या मापाने नाही. मग दुपारी अकरा-बारा वाजता कटिंगवर ढीग दिसतो आणि सगळ्यांना वाटतं, दोष कटिंगचा. मुलाने चुकीच्या माणसाला थांबवलं. संध्याकाळी सोलण्याच्या टेबलावर किती ट्रे रिकामे झाले ते मोजून, तेवढ्याच मापाची बी उद्यासाठी उकडायची, हा खरा कानबान, म्हणजे पुढच्याची गरज मागच्याला कळवणारी जस्ट-इन-टाइममधली चिठ्ठी. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. रिकामा ट्रे हीच ती चिठ्ठी.

आणि ढीग कमी करण्याचा फायदा तुमच्या धंद्यात कुठे आहे, तेही त्याला दाखवा. पावसाळ्यात ड्रायरमधून काढलेला गर दमट हवेत ताटकळला की साल पुन्हा चिकटते. मग सोलणारी बाई सुरीने खरवडते, गर दुखावतो, अख्ख्याची पाकळी होते. अख्खा 240 किंवा 320 नंबरचा गर आणि तुकडा यांच्या भावातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. गोदामातल्या बीपेक्षा ड्रायर आणि सोलणी यांच्यामधले हे ताटकळलेले ट्रे जास्त महाग पडतात. त्या ट्रेवर फक्त भरल्याची वेळ खडूने लिहायला सांगा. आठवडाभरात मुलाला जे दिसेल ते चाकणच्या इंटर्नशिपमध्येही दिसलं नसेल. आणि ते वाचून दाखवायला सोलणाऱ्या बायकांनाच बोलवा. कुठल्या ट्रेची साल सुटत नाही, हे त्यांना बोटांनीच कळतं. आजवर त्यांना कोणी विचारलं नाही, एवढंच.

ही पद्धत जिथे जन्मली तिथेही सगळी मदार माणसांवरच होती. टोयोटात जस्ट-इन-टाइमची कल्पना कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांची, 1930 च्या दशकातली. पण 1950 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, मोठी कामगार कपात झाली, संप झाला आणि किइचिरोंना स्वतःला राजीनामा द्यावा लागला. टोयोटाचेच इंजिनिअर ताइइची ओनो यांनी कानबान कारखानाभर बसवला तो त्यानंतरच्या वर्षांत. 1962 मध्ये व्यवस्थापन आणि कामगार संघटनेने परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. सुधारणा सुचवल्याने आपलीच नोकरी जाणार नाही, ही खात्री असल्याशिवाय कामगार सुधारणा सुचवत नाही. हे त्यांना संपातून कळलं होतं.

याचा सगळ्यात ठसठशीत दाखला अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार कामावर यायचे नाहीत, तक्रारींचे ढीग, गाड्यांचा दर्जा वाईट. 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला, आणि घेतलेले बहुसंख्य कामगार जुनेच होते, संघटनाही तीच. थोड्याच काळात तिथली गैरहजेरी घसरली आणि गाड्या जपानच्या तोडीच्या निघू लागल्या. कामगाराला दोरी ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार दिला होता, आणि दोरी ओढली की टीम लीडर ओरडायला नाही तर मदतीला यायचा. पुढे जनरल मोटर्सने आपल्या दुसऱ्या कारखान्यात अशाच दोऱ्या लावून पाहिल्या. तिथे दोरी ओढणाऱ्याला बोलणी बसत. ती पद्धत तिथे रुजली नाही. 'आपली माणसं बदलत नाहीत' असं मुलगा पुन्हा म्हणाला, तर त्याला फ्रीमाँटची गोष्ट सांगा. माणसं तीच होती.

गोदामातल्या बीबद्दल मुलाचं म्हणणं अर्धवट आहे. काजू बी येते फेब्रुवारी ते मेपर्यंत आणि कारखाना चालतो वर्षभर. झाड आपल्या कानबानवर फळत नाही. घाटात दरड आली, 22 जुलै 2021 सारखा चिपळूणला महापूर आला, की रस्ता आणि रेल्वे दोन्ही थांबतात, हे कोकणातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. खुद्द टोयोटाने जपानमधल्या 2011 च्या भूकंपानंतर पुरवठादारांना गाड्यांत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला होता, म्हणूनच 2021 च्या चिपटंचाईत सुरुवातीला ती इतरांपेक्षा तगली. कुठे साठा गरजेचा आणि कुठे तो दुखणं लपवतो, हे ओळखणं हाच या विद्येचा गाभा. तुमच्या गोदामातली बी पहिल्या प्रकारातली, ड्रायरनंतर ताटकळणारे ट्रे दुसऱ्या. मुलाने हा फरक स्वतः मांडून दाखवला तर कुठल्याही मुलाखतीत तो उठून दिसेल.

साठा कमी असताना संकट आलं तर काय तारतं, त्याचंही उदाहरण त्याने वाचावं. 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमध्ये करिया इथल्या आयसिन या टोयोटाच्या पुरवठादार कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तिथूनच जायचा, आणि साठा जेमतेम. टोयोटाचे कारखाने बंद पडले. पण पुरवठादारांनी करार-बिरार न बघता नकाशे वाटून घेतले, शिवणयंत्रांसाठी ओळखली जाणारी ब्रदर कंपनीसुद्धा व्हॉल्व्ह बनवायला बसली, आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. हे कुठल्या करारात लिहिलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकमेकांच्या अडचणी सोडवल्याची ती सवय होती.

आता नोकरी. माझं मत स्पष्ट आहे, चाकणची अप्रेंटिसशिप घ्यावी. मुंबईच्या नोकरीत पहिल्या दिवसापासून तो दुसऱ्यांच्या कारखान्यांचे आकडे तक्त्यात भरेल. ते काम वाईट नाही, पण जमिनीवर काम न केलेल्या माणसाला त्या आकड्यामागचा माणूस दिसत नाही, आणि तुमच्या मुलाला नेमकी तीच कमतरता भरून काढायची आहे. लाइनवर उभं राहून एका शिफ्टमध्ये माल का अडतो, ऑपरेटर कशाला वैतागतो, मेंटेनन्सवाला यायला किती वेळ लावतो, हे वर्षभर बघितलेल्या मुलाला ते डेस्कचं काम पुढे कधीही मिळतं. उलट दिशेने येणं फार कठीण जातं. पगारातला फरक वर्षभराचा आहे, घराला तो सोसवत असेल तर सोसा.

फक्त रुजू होण्यापूर्वी त्याने दोन गोष्टी विचाराव्यात. लाइनवरच्या ऑपरेटरला काम थांबवता येतं का, आणि थांबवल्यावर कोण येतं? आणि लाइनवर कंत्राटी कामगार किती? आपल्याकडच्या बऱ्याच औद्योगिक पट्ट्यांत लाइनचा मोठा भाग कंत्राटी माणसांवर चालतो. सहा-आठ महिन्यांनी माणूस बदलला की त्याने शिकलेलं आणि सुचवलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. भिंतीवर लीनचे तक्ते कितीही रंगीत असोत, अशा लाइनवर ते तक्तेच राहतात. उत्तर नकारात्मक आलं तरी जायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून जावं. आणि तिथे गेल्यावर सकाळच्या शिफ्टच्या ऑपरेटरना नावाने ओळखणं हे त्याचं पहिल्या महिन्याचं काम असू द्या. ज्यांना नावाने हाक मारता येत नाही, त्यांच्याकडून अडचण कळत नाही.

साठ हजारांचा कोर्स आत्ता नको. सर्टिफिकेटमध्ये मुडाचे, म्हणजे वाया जाण्याचे, सात प्रकार पाठ होतील, ते त्याला आत्ताही पाठ असतील. अप्रेंटिसशिपमध्ये एखादा प्रश्न स्वतः सोडवला, की मग कंपनीच अशा प्रशिक्षणाला पाठवते. पुढे शिकायचं असेल तर दोन चांगल्या वाटा आहेत. पवईची नीटी ही संस्था 1963 पासून याच विषयासाठी ओळखली जाते, 2023 मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. तिथे कॅट देऊन ऑपरेशन्सचं एमबीए करता येतं. दुसरी वाट गेट देऊन आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्चचं एमटेक. गणिताची आवड असेल तर दुसरी, माणसांबरोबर काम करायची ओढ असेल तर पहिली. तो निर्णय कारखान्यात वर्ष काढल्यावरच घ्यावा.

आणि तुमच्या स्वतःच्या युनिटसाठी. एमएसएमई मंत्रालयाच्या 2023 च्या लीन योजनेत मधल्या आणि वरच्या टप्प्याच्या सल्लागाराचा 90 टक्के खर्च सरकार उचलतं. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर चौकशी करा. पण सल्लागार येण्याआधी मजुरीचा प्रश्न तुम्हालाच सोडवावा लागेल, तो मुलाच्या हातातला नाही. कटिंगच्या बायकांना शब्द द्या की बी कमी आली म्हणून त्यांची दिवसाची कमाई कमी होणार नाही, मागच्या काही महिन्यांची सरासरी मजुरी धरून हजेरी ठरवा, आणि अख्ख्या गराचं प्रमाण वाढलं तर त्याचा वाटा कटिंग, सोलणी, ग्रेडिंग सगळ्यांना मिळू द्या. सोलणाऱ्यांना ग्रेडिंग आणि ग्रेडिंगवाल्यांना सोलणं शिकवा, म्हणजे ढीग पडेल तिकडे हात वळवता येतील. कटिंगच्या बायकांना मात्र थेट तिकडे बसवू नका. टरफलाच्या तेलाने त्यांचे हात माखलेले असतात, ते गराला लागता कामा नये. त्यांचे हातमोजे वेळेवर बदलले जातात का, तेही याच निमित्ताने बघा. चिकाने कातडी जळलेल्या हातांकडून वेगाची आणि सूचनांची अपेक्षा करणं अन्याय आहे.

त्या दोघी परत आल्या की नाही, ते पत्रात लिहिलेलं नाही. आल्या नसतील तर मुलाला त्यांच्या घरी पाठवा, पण समजवायला नाही. कटिंगच्या टेबलाशी बसून माल कुठे अडतो असं त्यांना वाटतं, ते विचारायला आणि वहीत लिहून घ्यायला. ती वही तो चाकणला बरोबर घेऊन गेला, तर फार बरं.